सहीचं भांडण पुरे. कंट्रोलचा तक्ता मागा



महाराष्ट्रातल्या पॅथॉलॉजी लॅबविषयी गेली कित्येक वर्षं एकच भांडण चालू आहे: रिपोर्टवर सही कोणी करायची? एम.डी. पॅथॉलॉजिस्टने, की डीएमएलटी झालेल्या तंत्रज्ञाने? निवेदनं दिली गेली, मोर्चे निघाले, हाच वाद शेजारच्या गुजरातमधून सुप्रीम कोर्टात गेला आणि १२ डिसेंबर २०१७ रोजी त्याचा निकालही लागला. हे भांडण बिनमहत्त्वाचं आहे असं मी म्हणत नाही. पण ज्या आकड्याखाली ही सही होते तो आकडा बरोबर आहे की चूक, हे सहीवरून कळत नाही. ते कळण्याचा मार्ग वेगळा आहे. तो गेली पंचाहत्तर वर्षं जगाला माहीत आहे, आणि महाराष्ट्रात त्याची सक्ती आजही नाही. माझी तक्रार याबद्दल आहे. ती सरकारकडे आहे, तशीच आपल्याकडेही आहे.

आपल्याकडे का, ते आधी सांगतो. आपल्यापैकी बहुतेकांचे आईवडील नाशिकला, सोलापूरला, नागपूरला किंवा ठाण्याला असतात. त्यांच्या तपासण्यांची व्यवस्था आपण इथून करतो. फोनवर सत्तर-ऐंशी टेस्टचं पॅकेज निवडायचं, कार्डाने पैसे भरायचे, तिकडे सकाळी सात वाजता एक मुलगा मोटरसायकलवरून येऊन रक्त घेऊन जातो, आणि इथे आपण सकाळी ऑफिसला निघेपर्यंत पीडीएफ व्हॉट्सॲपवर हजर! मग शनिवारच्या पार्टीत आपणच सांगतो, "इथे याच टेस्टला किती डॉलर मोजावे लागतील, ठाऊक आहे?" हे सांगणारे आपण कोण? मिनेसोटात तर आपल्यातले कितीतरी जण वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांत काम करतात. कॅलिब्रेशनची तारीख उलटून गेलेला मायक्रोमीटर वापरला गेला म्हणून अख्खी बॅच अडवून धरणारी ही माणसं. सिक्स सिग्माचे पट्टे मिरवणारी ही माणसं. पण आईचं पोटॅशियम कोणत्या यंत्रावर, त्या दिवशीच्या कोणत्या कंट्रोलनंतर मोजलं गेलं, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात येत नाही. ते पीडीएफ उघडतात, ठळक अक्षरांतला आकडा बघतात, आणि भारतातल्या डॉक्टर मित्राला फॉरवर्ड करतात.

आकडा तयार कसा होतो

संशोधक म्हणून माझा दिवस मोजमापात जातो, म्हणून थोडं तपशिलात सांगतो. रक्त शिरेतून बाहेर आलं तरी त्यातल्या पेशी जिवंतच असतात आणि साखर खात राहतात. पेशी वेगळ्या केल्या नाहीत तर साध्या तापमानाला दर तासाला साधारण ५ ते ७ टक्के ग्लुकोज कमी होतं. उन्हाळ्यात हा वेग आणखी वाढतो. आता हिशोब करा. उपाशीपोटी साखर १३० आहे. नळी चार तास मोटरसायकलच्या डब्यात फिरली. तासाला ६ टक्के घट धरली तरी यंत्र १०१-१०२ दाखवेल. उपाशीपोटीच्या साखरेला मधुमेहाची सीमा १२६ ची. म्हणजे लॅबमध्ये पोचेपर्यंत पेशंटचा मधुमेह रस्त्यातच 'बरा' झाला! फ्लोराइडची नळी वापरली तरी पहिल्या तास-दोन तासांतली घट ती पुरती थांबवत नाही. उलट बाजूला, सुई नीट लागली नाही किंवा नळी जोरात हलवली आणि रक्तपेशी फुटल्या, तर त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं आणि धडधाकट माणसाचा रिपोर्ट आयसीयूतला वाटतो.

इथपर्यंत यंत्र अजून सुरूही झालेलं नाही. यंत्रात नमुना गेल्यावर रिएजंट जुनं झालेलं असतं, दिव्याचा प्रकाश मंदावलेला असतो, पिपेट थोडी कमी-जास्त ओढते, दुपारी वीज जाऊन आलेली असते. यातली कुठलीही गोष्ट रिपोर्टवर दिसत नाही. यंत्र आकडा देतंच. बिघडलेलं यंत्रसुद्धा दोन दशांश स्थळांपर्यंत आकडा देतं.

ही चूक पकडायची युक्ती साधी आहे. ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा नमुना रोज पेशंटच्या नमुन्यांआधी यंत्रात घालायचा. यालाच कंट्रोल म्हणतात. त्याचं उत्तर रोज थोडं इकडेतिकडे होणारच. किती इकडेतिकडे चालेल हे सुरुवातीच्या वीसेक मोजमापांवरून, सरासरी आणि प्रमाण विचलन काढून ठरवायचं, आणि रोजचा ठिपका तक्त्यावर मांडायचा. कारखान्यांमध्ये शूहार्टचे तक्ते वापरले जात होतेच. लेव्ही आणि जेनिंग्ज या दोघांनी १९५० साली ते क्लिनिकल लॅबमध्ये आणले. इथून गाडीने चार-पाच तासांवर असलेल्या मॅडिसनच्या विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स वेस्टगार्ड यांनी १९८१ साली त्या तक्त्याचे नियम नेमके करून दिले. एक ठिपका सरासरीपासून तीन विचलनांपलीकडे गेला, किंवा लागोपाठ दोन ठिपके एकाच बाजूला दोन विचलनांपलीकडे गेले, तर थांबा, रिपोर्ट अडवा, कारण शोधा. दहावीचं गणित येणाऱ्या माणसाला हे कळतं.

पण हा झाला घरचा अभ्यास. लॅबची सरासरीच मुळात चुकीची असेल तर रोजचे ठिपके छान एका ओळीत येतील आणि रोज चुकीचं उत्तर निघेल. म्हणून बाहेरची परीक्षा लागते. एक मध्यवर्ती संस्था एकच नमुना शेकडो लॅबना पाठवते. उत्तर काय असायला हवं हे तिला माहीत असतं, लॅबला नसतं. या दोन गोष्टी, रोजचं कंट्रोल आणि बाहेरची परीक्षा, म्हणजे क्लिनिकल लॅबच्या गुणवत्तेचा पाया. आयएसओ १५१८९ सारखं मानक बाकी पुष्कळ सांगतं, कागदपत्रांपासून माणसांच्या प्रशिक्षणापर्यंत. पण या दोन गोष्टी नसतील तर बाकीच्या फायली रद्दीत घाला.

यात काय पणाला लागतं त्याचं एकच उदाहरण देतो. एचबीएवनसी ६.५ ला मधुमेहाचं निदान होतं. ज्या लॅबचं मोजमाप ५ टक्क्यांनी हलतं तिथे खऱ्या ६.५ चं उत्तर शंभरातल्या पंच्याण्णव वेळा ५.८५ ते ७.१५ च्या मधे कुठेतरी येईल. म्हणजे त्याच माणसाला सोमवारी "तुम्हाला काही झालेलं नाही" आणि गुरुवारी "आजपासून गोळी सुरू" असं सांगितलं जाऊ शकतं. अमेरिकेत हा गोंधळ आवरण्यासाठी १९९६ साली एनजीएसपी हा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, मिझुरी विद्यापीठातून, आणि त्याच्या संदर्भ-प्रयोगशाळांच्या जाळ्यात आपलं मिनेसोटा विद्यापीठही आहे. आपल्याकडे तर आणखी एक गुंता आहे. नंदुरबार आणि गडचिरोलीच्या आदिवासी भागांत सिकलसेल आहे आणि राज्यभर बायकांमध्ये लोहाच्या कमतरतेचा पंडुरोग आहे. दोन्हींमुळे एचबीएवनसीचा अर्थ बदलतो. कोणत्या पद्धतीने मोजलं हे रिपोर्टवर लिहिलेलं नसेल तर डॉक्टर काय अर्थ लावणार, कपाळ?

अमेरिका काही जन्मतः शहाणी नव्हती

"तिथली माणसंच शिस्तीची" हे आपलं आवडतं स्पष्टीकरण. ते खोटं आहे. १९४७ साली बेल्क आणि संडरमन यांनी पेनसिल्व्हेनियातल्या हॉस्पिटलांच्या लॅबना सारखेच नमुने पाठवले आणि निकाल प्रसिद्ध केले. असमाधानकारक उत्तरं समाधानकारक उत्तरांपेक्षा जास्त होती. अमेरिकेतली हॉस्पिटलं, अमेरिकन माणसं, आणि हा निकाल!

सुधारणा झाली ती लोकांच्या संतापामुळे आणि कायद्यामुळे. १९८७ साली वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये वॉल्ट बोग्दानिच यांनी पॅप स्मिअर तपासणाऱ्या लॅबचा भांडाफोड केला. तंत्रज्ञांवर काचपट्ट्यांचा अतोनात बोजा, घाईघाईत बघितलेल्या काचपट्ट्या, आणि त्यामुळे निसटलेले गर्भाशयमुखाचे कॅन्सर. या लेखमालेला १९८८ चं पुलित्झर मिळालं आणि त्याच वर्षी काँग्रेसने क्लिया हा कायदा नव्याने केला. नियमांचा मसुदा आला तेव्हा डॉक्टरांनी आणि लॅबमालकांनी हजारो हरकती पाठवल्या. खर्च वाढेल, गावातल्या लॅब बंद पडतील, सरकारी बाबूंचा ताप होईल... सगळे युक्तिवाद हेच होते, जे आज मुंबईत ऐकू येतात. तरीही १९९२ साली नियम लागू झाले.

आज इथल्या कुठल्याही मध्यम किंवा गुंतागुंतीच्या टेस्ट करणाऱ्या लॅबला काय करावं लागतं ते बघा. रोज निदान दोन पातळ्यांचं कंट्रोल. वर्षातून तीनदा बाहेरचे पाच-पाच नमुने. बहुतेक टेस्टमध्ये पाचांतले चार बरोबर यायलाच हवेत, रक्तगटात पाचही. लागोपाठ दोनदा किंवा तीनांतून दोनदा नापास झालात तर ती टेस्ट करण्याचा हक्क जाऊ शकतो. परीक्षेचा नमुना मुद्दाम दुसऱ्या लॅबकडे पाठवून उत्तर मागवलंत तर थेट परवान्यावर गदा. दर दोन वर्षांनी तपासणी. रिपोर्टवर, टेस्ट प्रत्यक्ष जिथे झाली त्या लॅबचं नाव आणि पत्ता. आणि ज्यांच्यावर कारवाई झाली त्या लॅबची यादी सरकार दरवर्षी जाहीर करतं. १ जानेवारी २०२५ पासून तर परीक्षा आणखी कडक झाली: पोटॅशियमची मुभा ०.५ वरून ०.३ वर आली, ग्लुकोजची १० टक्क्यांवरून ८ वर आणि एचबीएवनसी पहिल्यांदाच या यादीत आलं.

हे सगळं असून इथे घोटाळे होत नाहीत का? होतात, आणि ते मुद्दाम सांगतो. २००४ साली बाल्टिमोरच्या मेरीलँड जनरल हॉस्पिटलचं प्रकरण बाहेर आलं. कंट्रोल नापास होत असताना तिथे एचआयव्ही आणि हिपॅटायटिसचे रिपोर्ट साडेचारशेच्या वर पेशंटना दिले गेले होते. त्या लॅबला कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्सची मान्यता होती. प्रकरण उघडकीला आलं ते तिथे काम केलेल्या एका तंत्रज्ञ बाईच्या तक्रारीमुळे. थेरॅनोसचं तर सर्वांना माहीत आहे. पण त्यातला एक भाग आपण विसरतो. २०२२ मध्ये ज्यूरीने एलिझाबेथ होम्सना दोषी धरलं ते गुंतवणूकदारांना फसवल्याबद्दल. पेशंटना फसवल्याच्या आरोपांतून त्या सुटल्या. पेशंटच्या बाजूने जे काही झालं ते त्याआधी, क्लियाच्या निरीक्षकांनी केलं. एका माजी कर्मचारी मुलीचं पत्र आलं, २०१५ च्या शरदात कॅलिफोर्नियातल्या लॅबची तपासणी झाली, कंट्रोल वारंवार मर्यादेबाहेर जात असल्याच्या नोंदी सापडल्या, आणि २०१६ मध्ये परवाना रद्द करण्याची कारवाई झाली. तक्ता होता म्हणून पुरावा होता. जिथे तक्ता ठेवायची सक्तीच नाही तिथे थेरॅनोस कसा सापडणार? तिथे तो सुखाने शाखा उघडत राहील.

आणि महाराष्ट्रात?

केंद्राचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायदा २०१० चा. उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान, हरियाणा यांनी तो स्वीकारला. महाराष्ट्राने नाही. केरळने २०१८ साली स्वतःचा कायदा केला आणि त्यात लॅब घेतल्या. कर्नाटकाच्या २००७ च्या कायद्यातही लॅब येतात. म्हणजे बेळगावात लॅब काढायची तर आरोग्य खात्याच्या कायद्याखाली नोंदणी लागते आणि तासा-दोन तासांच्या रस्त्यावर कोल्हापुरात दुकानाची नोंदणी आणि जैववैद्यकीय कचऱ्याची परवानगी घेतली की शटर वर! आपल्याकडे आहे तो १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा. २०२१ मध्ये त्याचे नियम सुधारले, रुग्णहक्कांची सनद आली, चांगलं झालं. पण तो पेशंट दाखल करून घेणाऱ्या संस्थांचा कायदा. नाक्यावरची स्वतंत्र लॅब त्यात बसत नाही. "लवकरच कायदा आणू" हे आश्वासन विधिमंडळाने अनेक अधिवेशनांत ऐकलं आहे.

या पोकळीत काय उगवतं? एकाच पॅथॉलॉजिस्टची सही एकाच दिवशी चार गावांतल्या रिपोर्टांवर. सही भाड्याने देणाऱ्या काही डॉक्टरांवर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलने कारवाईही केली. माझ्या एका नातेवाईकाचं क्रिएटिनिन तालुक्याच्या गावी एका आठवड्यात दोन लॅबमध्ये मोजलं. एकाने किडनी उत्तम आहे म्हणून सांगितलं, दुसऱ्याने नेफ्रॉलॉजिस्टकडे धाडलं. दोन्ही रिपोर्टांवर सह्या होत्या, शिक्के होते, रंगीत लोगो होते. दोन्ही ठिकाणी विचारलं की कंट्रोल लावता का. एकीकडे उत्तर आलं, "साहेब, मशिन इंपोर्टेड आहे." दुसरीकडे उत्तर आलं नाही.

इथे धंद्याचं गणितही बघायला हवं. पेशंट पाठवणाऱ्या डॉक्टरला कट द्यायचा, शेजारच्या लॅबपेक्षा दर कमी ठेवायचा, आणि तरी नफा काढायचा. मग खर्च कुठे कापणार? ज्याच्याकडे कोणाचंच लक्ष नाही तिथे. कंट्रोलची बाटली पेशंटला दिसत नाही, डॉक्टर विचारत नाही, सरकार मागत नाही. सचोटीने चालणारी लॅब या बाजारात महाग ठरते आणि मार खाते. हे मी मनाने सांगत नाही. डॉ. अरुण गद्रे यांनी महाराष्ट्रातल्या आणि बाहेरच्या प्रामाणिक डॉक्टरांना बोलतं करून लिहिलेली 'कैफियत' वाचा. कमिशन आणि अनावश्यक तपासण्यांबद्दल डॉक्टर स्वतःच बोलले आहेत. कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा २०१७ साली माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या समितीने केला होता. तो मसुदाच राहिला.

चांगली कामं होत नाहीत असं नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचा बायोकेमिस्ट्री विभाग कित्येक दशकं देशभरच्या लॅबना परीक्षेचे नमुने पाठवतो आहे. रक्तपेशींसाठी दिल्लीच्या एम्सचा असाच कार्यक्रम आहे. एनएबीएल आयएसओ १५१८९ प्रमाणे मान्यता देतं आणि छोट्या लॅबसाठी २०१९ पासून त्यांची प्रवेश-पातळीची योजनाही आहे. मुंबई-पुण्यात जगातल्या कुठल्याही लॅबच्या तोडीच्या लॅब आहेत. पण हे सगळं ऐच्छिक आहे. ज्याला परीक्षा द्यायची तो देतो. नापास होणारे परीक्षेला बसतच नाहीत.

आणि सक्ती अशक्य आहे असं कोणी सांगू नये. मार्च २०२० मध्ये कोविडच्या आरटीपीसीआरसाठी आयसीएमआरने खाजगी लॅबना एनएबीएलची मान्यता बंधनकारक केली. ठरावीक नमुने दुसऱ्या लॅबकडून फेरतपासून घेण्याची व्यवस्था उभी केली. दरही सरकारने बांधून दिले. हे काही आठवड्यांत-महिन्यांत झालं. मग साखर, क्रिएटिनिन आणि हिमोग्लोबिनने काय घोडं मारलंय?

"पण..." म्हणणाऱ्यांसाठी

पहिला आक्षेप: नियम कडक केले तर तालुक्यातल्या लॅब बंद पडतील, गरिबांनी जायचं कुठे? हा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून उत्तर नीट देतो. गरीब माणूस पदरमोड करून टेस्ट करतो. चुकीच्या टेस्टवर त्याचे पैसे तर जातातच, वर चुकीचं औषध लागतं. श्रीमंत माणूस शंका आली की दुसरीकडे फेरतपासणी करतो, गरिबाला तोच एक रिपोर्ट असतो. तेव्हा गुणवत्तेची गरज त्यालाच जास्त. शिवाय सगळं महागच असतं असं नाही. लोमा लिंडाच्या ब्रायन बुल यांनी १९७४ मध्ये दाखवून दिलं की वीस-वीस पेशंटच्या एमसीव्ही, एमसीएच आणि एमसीएचसी यांची फिरती सरासरी ठेवली तर यंत्राचं सरकणं कळतं. त्याला बाटली लागत नाही, पेशंटच्याच आकड्यांतून निघतं. कालचा एक नमुना थंड ठेवून आज पुन्हा मोजायला काय लागतं? हिमोग्लोबिनची तिप्पट हिमॅटोक्रिटच्या जवळ येते का, हे बघायला किती पैसे पडतात? कंट्रोलची जागा हे उपाय घेणार नाहीत, पण ज्याला काळजी आहे त्याला आजपासून सुरुवात करता येते. कायदाही पायऱ्यापायऱ्यांनी आणता येईल: पहिल्या वर्षी नोंदणी आणि पाच-सहा मूलभूत टेस्टची बाहेरची परीक्षा, मग हळूहळू बाकी.

दुसरा आक्षेप: इन्स्पेक्टर राज येईल, हप्ते सुरू होतील. भीती खरी आहे. पण बाहेरच्या परीक्षेत इन्स्पेक्टर दारात येतच नाही. कुरियरने नमुना येतो, तुम्ही उत्तर पाठवता, निकाल लागतो. तो निकाल वेबसाइटवर जाहीर करा, म्हणजे हप्ता कोणाला द्यायचा हाच प्रश्न पडेल. पारदर्शकता हेच इन्स्पेक्टर राजवरचं औषध आहे.

तिसरा आक्षेप पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनांचा: आधी बोगस लॅब बंद करा, मग गुणवत्तेचं बोला. त्यांचा लढा प्रामाणिक आहे आणि रिपोर्टचा अर्थ लावायला, काचपट्टीवरचा कॅन्सर ओळखायला तज्ज्ञच हवा, यात वाद नाही. पण बोगस लॅब ओळखायची कशी? पदवीची प्रमाणपत्रं भाड्याने मिळतात. महिनाभराचा कंट्रोलचा तक्ता आणि वेल्लोरचा निकाल भाड्याने मिळणं फार कठीण. आणि तंत्रज्ञांच्या संघटनांनाही हेच सांगणं आहे: तुम्ही उत्तम काम करता ना? मग या परीक्षेची मागणी तुम्हीच करा. तुमच्या कामाची लायकी सिद्ध करणारी याहून चांगली गोष्ट नाही.

चौथा आक्षेप आपल्या ओळखीचा: "तुम्ही देश सोडून गेलात, तिथे बसून शहाणपण कशाला?" बरं. पण तिकडे जाणारा पैसा आपला आहे आणि तिकडे सुई टोचून घेणारे आईवडील आपले आहेत. ग्राहक म्हणून बोलायचा हक्क एवढा पुरे.

आता आपलं काम

पुढच्या वेळी आईवडिलांची टेस्ट ठरवताना लॅबला हे पाच प्रश्न ईमेलने विचारा:

१. टेस्ट प्रत्यक्ष कोणत्या शहरात, कोणत्या लॅबमध्ये होणार? (ज्या दुकानात रक्त घेतलं ते बहुधा नुसतं संकलन केंद्र असतं.)

२. एनएबीएलची मान्यता आहे का, आणि नेमक्या या टेस्टसाठी आहे का? मान्यता टेस्टनिहाय असते. एनएबीएलच्या वेबसाइटवर ती यादी बघता येते.

३. बाहेरच्या कोणत्या परीक्षेत भाग घेता? मागचा निकाल दाखवाल का?

४. रोज किती पातळ्यांचं कंट्रोल लावता? गेल्या महिन्याचा एका टेस्टचा तक्ता पाठवाल का?

५. रक्त घेतल्याची वेळ आणि लॅबमध्ये पोचल्याची वेळ, दोन्ही रिपोर्टवर येतील का?

चांगली लॅब आनंदाने उत्तर देईल; इतकी मेहनत केली आणि कोणी विचारलंच नाही, हे तिचं दुखणं असतं. जी लॅब चिडेल तिने उत्तर दिलंच आहे. दहा जणांनी विचारलं तर फरक पडणार नाही. पण परदेशातून पैसे भरणारी काही हजार गिऱ्हाइकं तेच प्रश्न विचारू लागली तर लॅबचा मार्केटिंग मॅनेजर स्वतः गुणवत्ता विभागाकडे धावेल.

दुसरं काम देणगीचं. आपल्या मंडळांना गावच्या हॉस्पिटलला यंत्र भेट द्यायची फार हौस. फोटो निघतो, नारळ फुटतो, पाटी लागते. सहा महिन्यांनी रिएजंट संपतं, किंवा ११० व्होल्टचं यंत्र तिकडच्या २३० वर धारातीर्थी पडतं, आणि मग त्यावर चादर घातली जाते. चालू राहिलं तर आणखी वाईट: कंट्रोलशिवाय चालतं. रक्तपेशींच्या कंट्रोलची बाटली थंड ठेवावी लागते आणि उघडल्यावर थोड्याच दिवसांत संपवावी लागते. हा खर्च दर महिन्याचा आहे आणि त्याला पाटी लावता येत नाही. म्हणून माझी सूचना अशी की ज्या देणगीत तीन वर्षांचं कंट्रोल, बाहेरच्या परीक्षेची फी आणि तंत्रज्ञाचं प्रशिक्षण नाही, ती देणगी आपण देऊच नये. तेवढ्याच पैशात यंत्र लहान घ्या. किंवा यंत्र घेऊच नका, आधीच असलेल्या दहा लॅबची परीक्षेची फी भरा.

तिसरं काम मागणीचं. महाराष्ट्र सरकार स्वतः टेस्टचं मोठं गिऱ्हाईक आहे. सरकारी दवाखान्यांतल्या तपासण्यांसाठी २०१७ पासून 'महालॅब' योजना आली. अशा प्रत्येक कंत्राटात बाहेरच्या परीक्षेचे निकाल टेस्टनिहाय, जिल्हानिहाय जाहीर करण्याची अट घालायला नवा कायदा लागत नाही, सचिवांची एक सही पुरते. आणि कायदा करायचाच आहे तर त्यात निदान चार गोष्टी असू द्या: प्रत्येक लॅबची नोंदणी, परीक्षेची सक्ती, नापास लॅबची जाहीर यादी, आणि आतून तक्रार करणाऱ्या तंत्रज्ञाला संरक्षण. बाल्टिमोरचं आणि कॅलिफोर्नियाचं, दोन्ही प्रकरणं आतल्या माणसांनी बाहेर काढली, हे विसरू नका. आपापल्या मतदारसंघातल्या आमदाराला पत्र लिहा. सुट्टीत गावी जाल तेव्हा भेटा. "एनआरआय आलेत" म्हणून चहा तरी मिळेलच. तो पिताना हे चार मुद्दे सांगा.

आपण स्वतःला विवेकवादी म्हणवतो. बाबाच्या अंगाऱ्याला आपण पुरावा मागतो आणि तो मागायलाच हवा. मग एसी लॅबमधून, लेझर प्रिंटरवर छापून आलेल्या आकड्याला पुरावा का मागत नाही? तो आकडा आहे म्हणून? आकड्यावरची श्रद्धासुद्धा श्रद्धाच. विज्ञान तक्त्यात असतं, आणि तक्ता बघायचा हक्क ज्याचं रक्त आहे त्याचा आहे.

आपली मतं, विरोधी असली तरी, जरूर कळवा. त्या पाच प्रश्नांना एखाद्या लॅबकडून उत्तर आलं तर तेही पाठवा, लॅबचं नाव झाकून. चांगली उत्तरं पुढच्या अंकात सर्वांना वाचायला देऊ.

— ईडन प्रेरी, मिनेसोटा